मागच्या दाराची कडी

३ नोव्हेंबर, सोमवार

शाळेत आग लागली. थाळी वाजली. मुलं रांगेनं बाहेर पडली. पण एक मूल संडासात आहे. आग लागलीय हे त्याला कोण सांगणार?

मला उत्तर येत नाही. बेळगावच्या ट्रेनिंगमध्ये सरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी हात वर केला होता, कारण पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनी हात वर करायचा असतो असं माझं मत आहे. सरांनी माझ्याकडं बोट केलं. मी उभी राहिले. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. जेवणात शिरा होता, पण मला गेला नाही.

निश्चय: या प्रश्नाचं उत्तर मी शोधणार. बी.ए.ला यापेक्षा अवघड प्रश्न सोडवलेत. (त्यात 'कोणतेही तीन' असायचं, हे खरं.)

आजपासून मी निपाणीच्या चिमणचारा नर्सरीची सेफ्टी ऑफिसर. जानेवारीत शाळेची परवानगी नवी करायची आहे, तपासणीला साहेब येणार, म्हणून हे पद काढलंय. करिष्मा टीचरना आधी विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या. जबाबदारी घ्यायला धैर्य लागतं.

शाळेच्या मालकीण सत्यवतीआक्का. त्यांना मॅडम म्हटलेलं आवडत नाही. म्हणाल्या, मला आक्काच म्हण, इथं सगळी घरचीच हायत. हे घरी सांगितलं. आई म्हणाली, घरची हायस तर जेवायला कवा बोलवत्यात?

आईला अशा गोष्टी कळत नाहीत. घरात पहिली पदवीधर असणं म्हणजे एकटीनं आनंद मानणं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पाहणी केली. इमारत म्हणजे जुनी तंबाखूची वखार. भिंती जाड, खिडक्या उंच. माझा हात पोचत नाही, मुलांचं तर सोडाच. दारं दोन. पुढच्या दाराला लागून खिचडीचा गॅस. म्हणजे आग लागलीच तर पुढं लागणार, आणि सगळ्यांनी मागनं बाहेर पडायचं. इतकं सोपं आहे. हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

मागचं दार ढकललं. उघडलं नाही. बाहेरनं कडी आहे.

बाहेर जाऊन बघितलं. दारामागं बोळ, बोळ गल्लीत उघडतो. बोळात आक्कांचे भाऊ महादेवअण्णा यांचं मांडव-डेकोरेशनचं सामान. गाद्या, कनाती, झालरी, आणि नवरा-नवरीच्या मागं उभा करतात तो थर्माकोलचा मोर. चोरी होऊ नये म्हणून कडी. आमचा रविराज, माझा थोरला भाऊ, अण्णांकडंच लायटिंगच्या कामाला आहे. त्याचा आयुष आमच्याच शाळेत. म्हणजे सगळं घरातलंच. अडचण यायचं कारण नाही.

आक्कांना सांगितलं. लगेच म्हणाल्या, तू म्हणशील तसं. फक्त आता तुळशीचं लग्न झालंय, अण्णाचा सीझन चालू, सामान हलवायला त्याला सवड नाही. सीझन सरला की बोळ मोकळा.

किती समजूतदार बाई. वाद नाही, काही नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सेफ्टी पिनांवर बंदी घातली. आमच्या आया रुक्माबाई बांगडीला पिनांचा घोसच अडकवून मुलांना जेवू घालतात. टोकदार वस्तू. ताब्यात घेतल्या. त्यांनी मुकाट्यानं दिल्या. मला वाटलं होतं विरोध होईल. लोकांना नीट समजावलं की ते ऐकतात.

नंतर: आयुषच्या चड्डीचं बटण तुटलं. प्रार्थनेत चड्डी खाली. पिना माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स ऑफिसात. रुक्माबाईंनी पदराआडून एक पिन काढून लावली.

म्हणजे सगळ्या दिल्या नव्हत्या. हा सरळ विश्वासघात आहे. मनाला लागलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन. आयुष्यात विसरणार नाही.

आग विझवायचे दोन सिलिंडर आले! लाल, चकचकीत. आक्कांनी स्वतः आणवले. मी नुसतं एकदा म्हटलं होतं. भिंतीला टांगले, मुलांना दोन्ही बाजूंना उभं केलं, फोटो काढला, पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली आक्कांनी लिहिलं, आमची मुलं सुरक्षित हातात. तो हात माझा आहे. फोटोत पण आलाय, कोपरापर्यंत.

सिलिंडरवरच्या छोट्या घड्याळातला काटा लाल भागात आहे. ट्रेनिंगच्या फोटोत तो हिरव्या भागात होता, पण ती कंपनी वेगळी असणार.

वस्तू चांगली की लोक उसनी नेतात आणि परत येत नाही. म्हणून शाळा सुटल्यावर दोन्ही सिलिंडर रिक्षात घालून भांडी बाजारात परशरामकडं नेले. आमच्या घरच्या सगळ्या भांड्यांवर त्यानंच नावं घातलीत. त्यानं सिलिंडर उलटेपालटे करून बघितले, हातानं वाजवून बघितले, आणि विचारलं, लग्नातलं हाय व्हय? सप्रेम भेट कुणाकडनं घालू? मी म्हटलं, भेट नाही, नुसतं 'चिमणचारा नर्सरी, निपाणी' घाला. त्यानं मशीननं खोल घातलं. रंगाखालचं पांढरं लोखंड दिसायला लागलं. पुसून जाणार नाही.

ट्रेनिंगमध्ये ही कल्पना कुणाला सुचली नव्हती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सिलिंडर भिंतीवर नाहीत. आक्का म्हणाल्या, सर्व्हिसिंगला गेलेत.

नवीन वस्तूसुद्धा लगेच सर्व्हिसिंगला. याला म्हणतात काळजी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

भिंतीवर माझ्या नावाचा बोर्ड लागला. कन्नड, इंग्रजी आणि मराठीत. 'सेफ्टी ऑफिसर: कु. समता, बी.ए.' खाली माझा मोबाईल नंबर. आक्कांचं नाव कुठंच नाही. केवढा मोठेपणा. दुसरी कुणी असती तर आपलं नाव वर घातलं असतं.

आईला दाखवायला घेऊन गेले. आई फाटकापर्यंत आली, आत आली नाही. चपला मळल्यात म्हणाली. मी म्हटलं, काढून ठेव. तर म्हणाली, इथनंच दिसतंय की. इथनं दिसत नव्हतं. बोर्ड आत आहे.

मुलीच्या नावाचा पहिला बोर्ड आणि आई फाटकातून परत. मला फसवल्यासारखं वाटलं. कुणी ते सांगता येत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

मॉक ड्रिल. अगदी यशस्वी. किरकोळ त्रुटी.

ठरलं होतं असं: मी थाळी वाजवायची, मुलांनी रांगेत मागच्या दाराकडं जायचं. थाळी वाजवली. मुलं आनंदानं उठली आणि डबे घेऊन मांडी घालून बसली. आमच्याकडं जेवायच्या वेळेला पण थाळीच वाजते, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. मी ओरडून सांगितलं, आग लागलीय. एका मुलीनं विचारलं, मग डबा कधी?

शेवटी रुक्माबाईंनी 'चला गं बाळांनो' म्हणून सगळ्यांना मागच्या दारापर्यंत नेलं. दार बंद. बोळात सामान असल्यामुळं 'दार उघडं आहे असं समजा' असं मी जाहीर केलं. मुलांनी समजलं. मुलं हुशार आहेत.

परत वर्गात आल्यावर मोजणी केली. एक कमी. आयुष. तो संडासात होता. मी दार वाजवल्यावर आतून म्हणाला, झालं न्हाई अजून.

मी विचारलं, थाळी ऐकू आली नाही का? तर म्हणतो, आली की. पण आत्त्या, तू मला सांगितलं न्हाईस.

सरांचा प्रश्न आठवला. अजून उत्तर नाही. पण प्रश्न खरा आहे एवढं सिद्ध झालं. ही पण प्रगतीच.

३ डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी आईला ड्रिलची गंमत सांगत होते. ती भाकरी थापत होती. बाहेरच्या कडीचं सांगितल्यावर तिचा हात थांबला.

म्हणाली, ती कडी अजून हाय व्हय.

मग तिनं सांगितलं. लग्नाआधी ती त्याच वखारीत तंबाखू निवडायला जायची. मला एवढंच माहीत होतं की कुठल्या तरी वखारीत जायची. बायका आत बसल्या की मागनं कडी घालायचे, तंबाखू घेऊन पळू नयेत म्हणून. सुटताना एकेकीला पुढच्या दारात उभं करायचे, पदर झटकून दाखवायला लावायचे, मग सोडायचे. 'पोटुशा बायकास्नी पण,' म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

म्हणजे चपला मळल्या नव्हत्या.

मी तिला म्हटलं, आता तसं काही नाही, आता तिथं शाळा आहे आणि तुझी मुलगी ऑफिसर आहे. ती म्हणाली, मग कडी कशाला हाय? मी म्हटलं, सीझन आहे म्हणून. हे बोलताना मला स्वतःलाच जरा विचित्र वाटलं.

१५ डिसेंबर, सोमवार

आज लक्ष ठेवलं. सकाळी आल्यावर स्वतः बोळात शिरून कडी काढून ठेवली. दुपारी बघते तर परत लावलेली. कोण लावतं?

रुक्माबाई म्हणतात, त्या मागं जातच नाहीत. अण्णा लग्नाच्या गडबडीत. घरी रविराजला विचारलं, तुमच्यातलं कोण लावतं रे? तो चहा पीत होता. म्हणाला, असंल कुणीतरी.

निश्चय: हा 'कुणीतरी' मी शोधून काढणार. त्याला समोर बसवून शांतपणे समजावणार. माणसं वाईट नसतात, त्यांना माहिती नसते.

सिलिंडर अजून सर्व्हिसिंगलाच. काम बारकाईनं चाललं असणार.

२९ डिसेंबर, सोमवार

पौष लागला, लग्नं बंद. मी अण्णांकडं गेले. म्हटलं, अण्णा, सीझन सरला, आता बोळ मोकळा करूया. अण्णा म्हणाले, अगं बाळ, सीझनमध्ये सामान निदान भाईर तरी असतंय. आता लग्नंच न्हाईत म्हटल्यावर सगळं हितंच ठेवायला लागणार.

विचार केला तर बरोबर आहे त्यांचं.

परत विचार केला. म्हणजे सीझनमध्ये पण नाही आणि सीझन नसताना पण नाही.

आक्कांना सांगितलं. आक्का म्हणाल्या, तू काळजी करू नको, साहेब यायच्या आत सगळं होईल. त्यांच्यावर विश्वास आहे म्हणून रात्री झोप लागते.

६ जानेवारी, मंगळवार

तपासणी. घरी येऊन आधी रडले, मग लिहायला बसले. आनंदानं रडले.

सकाळी गेले तर मागचं दार सताड उघडं. बोळ रिकामा, झाडून सडा घातलेला. वर्गात ऊन आलं होतं. त्या वर्गात मागनं येणारं ऊन मी पहिल्यांदा बघितलं. मुलं त्या उन्हात जाऊन बसली आणि उठेनात. सिलिंडरही आले, एका माणसानं स्कूटरवर पायात ठेवून आणले. काटा लालच आहे, म्हणजे तीच पद्धत असणार त्या कंपनीची.

साहेब कन्नडमध्ये बोलत होते. भले माणूस वाटले. बोर्ड वाचला, माझ्याकडं बघून विचारलं, तुम्हीच का? मी होय म्हटलं. मग दारात उभं राहून विचारलं, हे रोज उघडं असतं?

मी आक्कांकडं बघितलं. आक्का हसून मान हलवत होत्या. मी म्हटलं, हौदु सर. हो, रोज.

खोटं नव्हे ते. आजपासून रोजच असणार आहे. एक दिवस आधी सांगितलं एवढंच.

साहेबांनी सही केली आणि आयुषच्या गालाला हात लावला.

७ जानेवारी, बुधवार

दार बंद. बाहेरनं कडी. बोळात सामान. मोर जागेवर.

अण्णांनी सगळं टेम्पोत भरून काल गावभर फिरवलं आणि संध्याकाळी परत आणलं, असं रुक्माबाई म्हणाल्या. मी म्हटलं, तात्पुरतं असेल. रुक्माबाईंनी झाडू उचलला. त्यांचं असं झाडू उचलणं मला आवडत नाही.

सिलिंडर सर्व्हिसिंगला.

१२ जानेवारी, सोमवार

आक्कांच्या मैत्रिणीची नर्सरी आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या मनात आलं, आपलं ज्ञान दुसऱ्यांना पण द्यावं. न सांगताच गेले. वाटेत भाषण पाठ केलं. सुरुवात त्या संडासातल्या मुलाच्या प्रश्नानं करायची होती.

वर्गात पाऊल टाकलं. भिंतीवर दोन लाल सिलिंडर. दोन्हीवर मधोमध गणपतीचं स्टिकर. एकाचं स्टिकर कोपऱ्यातून सुटलं होतं. खाली 'चिम' दिसत होतं.

मी तिथंच उभी राहिले. त्या बाई आल्या, मला ओळखलं, बसवलं, पाणी दिलं. लपवलं काहीच नाही. म्हणाल्या, 'फिरत्यात की हे सगळ्यांच्यात. ज्याची तपासणी त्याच्याकडं. लग्नात न्हाई का आपण एकमेकाची पातेली न्हेत? तुमच्या आक्कांचीच ही आयडिया. पर नाव कशाला घातलंसा गं त्याच्यावर? आमच्या साहेबानं वाचलं. मला सांगाय लागलं, भेट आलंय म्हणून. पुसून तरी जातंय काय बघितलं, ते पण जाईना.'

मी विचारलं, आणि हे चालतात का?

त्या म्हणाल्या, त्यात काय असतंय तेच मला माहीत न्हाई.

चहा घेतला नाही. भाषण केलं नाही. चालत घरी आले.

१३ जानेवारी, मंगळवार

आक्कांना विचारलं. वाटलं होतं त्या दचकतील. दचकल्या नाहीत. पंखा लावला. बस म्हणाल्या.

सगळं शांतपणे सांगितलं. सगळेच असं करतात. एवढ्या वर्षांत कधी काही झालं नाही. शाळा बंद पडली तर या गल्लीतल्या बायकांनी कामावर जाताना पोरं कुठं ठेवायची? हे सगळं त्या इतक्या मायेनं बोलत होत्या की मी दोनदा मान हलवली.

मग मी विचारलं, आक्का, तुम्ही मलाच का निवडलं?

त्या म्हणाल्या, 'खरं सांगू का समता, तुमच्यातली शिकलेली पोरगी पुढं असली की कोण उलट बोलत न्हाई. साहेब पण जपून बोलतो. आणि उद्या देव न करो काय झालंच, तर बोर्डावर नाव हायच की कुणाचं तरी.'

'तुमच्यातली.' दोन महिने मी घरची होते.

करिष्मा टीचरनी नको का म्हटलं ते कळलं. मी त्याला भित्रेपणा समजले होते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आक्कांनी तिळगूळ पाठवला, रविराजच्या हातून. मी डबा उघडला नाही.

मी रविराजला सगळं सांगितलं. सिलिंडरांचं, साहेबांचं, 'तुमच्यातली'चं. वाटलं, हा आता उठून अण्णांच्या घरी जाईल. याला आवरायला लागेल. तशी मी दारात आडवी पण बसले होते.

तो उठला नाही. तिळगुळाचा डबा फिरवत बसला. मग म्हणाला, 'कडी मीच लावतो.'

मला आधी समजलं नाही.

'लायटीच्या माळा ठेवाय जातो न्हवं दुपारी. ठेवल्या की लावतो. अण्णा सांगत्यात. सामान गेलं तर माझ्याकडनं मागतील.'

मी म्हटलं, रवी, आत आयुष असतोय रे.

तो म्हणाला, म्हाईत हाय की. मग डबा खाली ठेवून म्हणाला, काय हुतंय, आजपर्यंत कवा काय झालंय?

हे वाक्य त्याचं नाही. ते काल आक्कांच्या तोंडात होतं. तरी ते आमच्या घरात, आमच्या चटईवर बसून बोललं गेलं.

१७ जानेवारी, शनिवार

पालकांना सांगायचं ठरवलं. आई-बाप एकदा पेटून उठले की आक्काच काय, कुणाचंच चालणार नाही. फाटकाशी उभी राहिले, येईल त्याला थांबवून सांगितलं.

एक आई म्हणाली, ताई, दार बंदच बरं, पोरगं रस्त्यावर पळालं म्हणजे? दुसरी म्हणाली, तुम्ही हायसा की लक्ष द्यायला, फोटो बघितला आम्ही. भावकूमामा नातीला घ्यायला येतात, त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, एक तरी मिळाला. ते म्हणाले, पोरी, तुझं बोलणं लई चांगलं हाय, तू निवडणुकीला उभी ऱ्हा.

संध्याकाळी आक्कांचा फोन. सोमवारी दुपारी पोरं गेली की तुझं सामान घेऊन जा, मंगळवारपासून येऊ नकोस. आवाज तसाच, मायेचा. आयुषला मात्र पाठवत जा म्हणाल्या.

वरच्या कार्यालयात तक्रार करणार. पेपरला देणार. कडोलीच्या साहित्य संमेलनात उभं राहून बोलणार. सगळं करणार.

२० जानेवारी, मंगळवार

तक्रार लिहायला घेतली होती. 'रोज उघडं असतं' असं मीच सांगितलंय, तिथं पेन अडतं. उद्या परत बसेन. पेपरवाल्यानं फोन घेतला नाही. कडोलीचं संमेलन होऊन गेलंय.

रुक्माबाई सकाळी येऊन गेल्या. बोर्डावर माझ्या नावावर कागद चिकटवून त्यांचं नाव लिहिलंय म्हणाल्या. बी.ए. तसंच राहिलंय, तेवढ्यावर कागद पुरला नाही. हसल्या नाहीत त्या. पिना परत मागितल्या. दिल्या, सगळ्या. मागचं दार रोज सकाळी ढकलून बघायचं, हे त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या नावाखाली नंबर अजून माझाच आहे.

आयुषला रविराज शाळेत सोडणारच आहे. दुसरीकडं कुठं ठेवणार? म्हणून आयुषला समोर बसवून सांगितलं, थाळी वाजली आणि कुणी आग म्हणून ओरडलं, तर तू कुठं पण अस, संडासात असलास तरी, कुणी सांगायची वाट बघायची नाही. मागच्या दाराला जायचं, सगळ्यांनी मिळून ढकलायचं. त्यानं विचारलं, डबा घेऊन का ठेवून? मी म्हटलं, ठेवून.

आता काल दुपारचं.

सामान घ्यायला जाताना रविराजच्या पिशवीतला स्क्रूड्रायव्हर घेतला. आई म्हणाली, मी पण येतो. गल्लीतून बोळात शिरलो. आईनं मोर धरून ठेवला, मी स्क्रू काढायला बसले. गंजलेले होते. एकाचं डोकंच गेलं, तर आईनं दगड आणून दिला. कडी निघाली तेव्हा दारावर तिची जागा तेवढी फिकी दिसत होती. कनाती आम्ही दोघींनी भिंतीला सरकवल्या, मुलं एकामागं एक जातील एवढी वाट केली.

उघडतंय का बघायला कुणीतरी आत जायला हवं होतं. मी उठायच्या आत आई गेली. चपला घालूनच. दार ओढून घेतलं. मी बाहेर उभी. तिच्या चपलांचा आवाज पुढच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. मग दार आतून ढकललं गेलं आणि उघडलं.

बाहेर येताना आईनं उंबऱ्यावर थांबून माझ्यासमोर पदर झटकला. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं पदर परत खांद्यावर घेतला.

अण्णा नवी कडी बसवायला सांगतील. सांगतील रविराजलाच. म्हणून जुनी मी टीव्हीवर ठेवलीय, तो जेवायला बसतो तिथनं समोर दिसते. काल रात्री त्यानं ती बघितली, ओळखली, स्क्रूड्रायव्हर कुठाय म्हणून विचारलं.

स्क्रूड्रायव्हर आईनं येताना मोरीमागच्या गटारात टाकला.